कटिंगमध्ये पैसा नक्की कुठे गळतो? रोलपासून तयार मालापर्यंतचा हिशेब



आज एका प्रश्नाने सुरुवात करतो. काल तुमच्या वर्कशॉपमध्ये जेवढा माल कापला, त्यातला किती केरात गेला? अंदाज नको, आकडा सांगा. शिवणकाम असो, प्लायवूड असो, फ्लेक्स असो की माझ्यासारखं फायबरचं काम असो, दहातले नऊ जण इथे गप्प बसतात. "थोडंफार जातंच ना भाऊ," हे उत्तर मात्र लगेच येतं.

या "थोडंफार"ने मला एकदा चांगलंच झोपवलं होतं. व्हिडिओत मी साचा आणि मॅट हातात घेऊन हे दाखवलं आहे, पण आकडे तिथे भराभर निघून जातात. म्हणून इथे सावकाश लिहून देतो. कागद-पेन घेऊन बसा.

माझी २०० कुंड्यांची ऑर्डर

माझं काम एफआरपीचं, म्हणजे आपण ज्याला सरळ "फायबर" म्हणतो त्याचं. काचेच्या तंतूंची मॅट कापायची, साच्यात थरावर थर टाकायचे, प्रत्येक थर रेझिनने भिजवायचा, सुकलं की साच्यातून काढून कडा कापायच्या. कुंड्या, बोर्ड, कव्हर, सगळं याच पद्धतीने होतं.

सुरुवातीच्या दिवसांत मला २०० चौकोनी कुंड्यांची ऑर्डर मिळाली. कुंडी ४० सेंटीमीटर रुंद, ४५ सेंटीमीटर उंच. बीबीएला कॉस्टिंग शिकलेला माणूस मी, लगेच कॅल्क्युलेटर काढला. चार बाजू आणि एक तळ मिळून ८,८०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ०.८८ चौरस मीटर. मॅट ४५० ग्रॅमची, थर तीन. एका कुंडीला १ किलो १८८ ग्रॅम मॅट. त्यावर अडीचपट रेझिन. मजुरी, जेलकोट, वाहतूक धरली, नगामागे १२० रुपये नफा ठेवला आणि कोटेशन पाठवून दिलं.

काम दोन तृतीयांशाच्या पुढे गेलं आणि आमचा कारागीर येऊन म्हणाला, "भाऊ, मॅट संपली जी."

मला वाटलं कुणीतरी रोल इकडेतिकडे ठेवला असेल. काहीच हरवलेलं नव्हतं. चूक माझ्या कागदात होती. कुंडी कागदावर ०.८८ चौरस मीटरची असते, पण ती रोलमधून तेवढ्यात निघत नाही. कोपऱ्यावर एक तुकडा दुसऱ्यावर चढवावा लागतो. वरच्या कडेला मॅट थोडी जास्त ठेवावी लागते, ती नंतर कापली जाते. आणि रोलच्या पन्ह्यात तुकडे बसवताना शेजारी पट्टी उरते ती वेगळीच. प्रत्यक्षात एका कुंडीला १ किलो ५८६ ग्रॅम मॅट लागत होती.

तेव्हाचे दर आता बदलले. हिशेब सोपा व्हावा म्हणून इथे मॅट १०० रुपये किलो आणि रेझिन १५० रुपये किलो धरू. या दराने २०० कुंड्यांवर सुमारे ८० किलो मॅट आणि ८८ किलो रेझिन जास्त गेलं. म्हणजे २१ हजार रुपये. माझा एकूण नफा होता २४ हजार. महिनाभर राबून हातात तीन हजार! आणि उरलेली मॅट घाईत किरकोळ भावाने आणली, तो खर्च यात धरलेलाच नाही.

मिहानमधले लोक हाच हिशेब करतात

तुम्ही म्हणाल, हा छोट्या दुकानाचा प्रॉब्लेम आहे, मोठ्या कंपन्यांचं जग वेगळं. तसं नाही.

आपल्या नागपुरात, मिहानमध्ये, बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमानाचे फ्लोअर बीम तयार झाले आहेत. म्हणजे प्रवाशांच्या पायाखालची जमीन ज्या आडव्या तुळयांवर टेकलेली असते, त्या तुळया. टाटा समूहाच्या टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्सने हे काम नागपुरात उभं केलं, पुढे ते टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टम्सकडे गेलं. हे बीम कार्बन फायबरच्या कंपोझिटचे असतात. ७८७ विमानाच्या वजनातला जवळपास अर्धा भाग कंपोझिटचाच आहे.

कंपोझिट म्हणजे तरी काय? तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. माझी कुंडी आणि विमानाचा बीम एकाच घराण्यातले. फरक इतकाच की विमानाच्या कामात बहुतेक वेळा रेझिन आधीच भरलेला कार्बनचा रोल येतो, त्याला प्रीप्रेग म्हणतात. तो साधारण उणे १८ अंशांवर फ्रीजरमध्ये ठेवतात. बाहेर काढला की त्याचं घड्याळ सुरू होतं, ठरलेल्या तासांत तो वापरून संपवावा लागतो. म्हणजे तिथे कापताना उरलेला तुकडा हा तोटा, आणि वेळेत न वापरलेला चांगला तुकडाही तोटाच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा उरला तर भंगारवाला पैसे देऊन नेतो. रेझिन एकदा कडक झालं की ते परत वितळत नाही. त्यामुळे फायबरच्या कापलेल्या कडा भंगारवाला फुकटही उचलत नाही. उलट त्या टाकायला आपल्यालाच खर्च येतो. धातूवाल्याचा थोडा पैसा भंगारातून परत येतो, आपला येत नाही. म्हणूनच कंपोझिटच्या कामात कटिंग मोजणं जास्त गरजेचं.

सूत्र एकच, पण वर काय लिहायचं?

कटिंगची कार्यक्षमता म्हणजे उपयोगी आलेला माल भागिले वापरलेला माल, गुणिले १००. पाचवीतलं गणित. भांडण होतं ते "उपयोगी" म्हणजे काय यावर.

पहिला आकडा, टेबलावरचा. रोलमधून किती कापलं आणि त्यातल्या किती मॅटचे तुकडे साच्याकडे गेले. कपड्याच्या कारखान्यात मार्करची टक्केवारी काढतात, ती हीच.

दुसरा आकडा, शेवटपर्यंतचा. रोलमधून किती कापलं आणि त्यातलं किती गिऱ्हाइकाच्या हातात गेलं. यात नंतर कापून टाकलेल्या कडा वजा होतात. कोपऱ्यावरचा जोड मात्र उपयोगीच धरायचा, कारण तो मालातच राहतो आणि त्याशिवाय कुंडी टिकणार नाही.

बहुतेक लोक पहिला आकडा काढतात आणि खूश होतात. मीही व्हायचो.

तुकडा आडवा ठेवून बघा

आता माझ्याच कुंडीवर दोन्ही आकडे काढू. रोलचा पन्हा १०० सेंटीमीटर धरा. बाजूचा तुकडा ४३ बाय ४८: रुंदी ४० अधिक जोडाला ३, उंची ४५ अधिक वरच्या कडेला ३. तळाचा तुकडा ४३ बाय ४३. दोन कुंड्यांच्या एका थराला आठ बाजू आणि दोन तळ लागतात.

आम्ही आधी ४३ ची बाजू पन्ह्यात ठेवायचो. दोन तुकडे शेजारी म्हणजे ८६, बाकी १४ सेंटीमीटरची पट्टी वाया. आठ बाजूंच्या चार रांगा, प्रत्येकी ४८ लांब, म्हणजे १९२. तळांची एक रांग ४३. एकूण लांबी २३५ सेंटीमीटर. टेबलावरची कार्यक्षमता ८६ टक्के.

एक दिवस तोच कारागीर म्हणाला, "भाऊ, आडवं ठेवून पाहा ना जी, दोन आरामात बसते."

बसले! ४८ अधिक ४८ म्हणजे ९६. पट्टी फक्त ४ सेंटीमीटरची. आता प्रत्येक रांग ४३ लांब, चार रांगा १७२, तळ ४३, एकूण २१५ सेंटीमीटर. कार्यक्षमता ९४ टक्के. मशीन नाही, सॉफ्टवेअर नाही, फक्त तुकडा फिरवला. दोनशे कुंड्यांवर २७ किलो मॅट वाचली, म्हणजे २,७०० रुपये.

मी हे कॉलेजात शिकलो नाही. टेबलावर रोज उभा राहणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर पहिल्याच ऑर्डरला कळलं असतं.

टक्का घसरला, पैसा वाढला

आता खरी गंमत. ९४ टक्क्यांवर मी खूश होतो. मग एकदा संध्याकाळी ग्राइंडिंगच्या जागी कडांचा ढीग पाहिला आणि वजन करायचं ठरवलं. दोन पोती ठेवली. एका पोत्यात टेबलावरची सुकी मॅट, दुसऱ्यात साच्यातून काढल्यावर कापलेल्या कडक कडा.

२० कुंड्यांमागे हिशेब असा आला:

• रोलमधून वापरलेली मॅट: २९ किलो
• पहिलं पोतं, सुकी कात्रण: १.७४ किलो, किंमत १७४ रुपये
• दुसरं पोतं, कडक कडा: ४.९ किलो. त्यात मॅट सुमारे १.४ किलो, बाकी सगळं रेझिन. किंमत ६६१ रुपये

बघितलंत? दुसऱ्या पोत्यातली मॅट पहिल्यापेक्षा कमी होती, पण पैसा जवळपास चौपट. कारण सुकी मॅट फेकली तर फक्त मॅट जाते. रेझिन लावून फेकली तर प्रत्येक किलो मॅटसोबत अडीच किलो रेझिनही जातं. १०० रुपयांची मॅट तेव्हा ४७५ रुपयांची झालेली असते. वर ती भिजवायची मजुरी, कापायची मजुरी आणि ग्राइंडरची डिस्क वेगळी.

मग आम्ही वरच्या कडेला ३ सेंटीमीटरऐवजी १ सेंटीमीटर जास्त ठेवायला सुरुवात केली. बाजूचा तुकडा ४८ ऐवजी ४६ झाला. पन्ह्यात आता ९२ सेंटीमीटरच भरतात, ८ ची पट्टी उरते. रोल तेवढाच लागतो, २१५ सेंटीमीटर. म्हणून टेबलावरची कार्यक्षमता ९४ वरून ९१ वर घसरली!

फक्त तो आकडा बघणारा मालक कारागिरावर ओरडला असता. पण पोत्यांचं वजन काय सांगतं? सुकं पोतं १७४ वरून २६७ रुपयांवर गेलं, कडक पोतं ६६१ वरून २२० वर आलं. नुकसान ८३५ चं ४८७ झालं. नगामागे सतरा रुपये, दोनशे कुंड्यांवर जवळपास साडेतीन हजार. तुकडा फिरवून जे वाचलं त्याहून जास्त!

शेवटपर्यंतचा आकडा मात्र फसला नाही. सुरुवातीला तो ८२ टक्के होता, तुकडा फिरवल्यावर ८९ झाला आणि कड कमी केल्यावरही ८९ च राहिला. म्हणजे मॅटच्या बाबतीत काहीच बिघडलं नव्हतं, वाचलं ते रेझिन. शिवाय ८ सेंटीमीटरची पट्टी कोपऱ्याला मजबुती द्यायला कामी येते, ४ ची येत नव्हती.

एक सावधगिरी. कड शून्य करू नका. काठावर थर पोकळ राहतात, थोडी कापावीच लागते. आमच्या साच्याला १ सेंटीमीटर पुरलं, तुमच्या साच्यावर करून बघा.

कुठे फिरवता येतं, कुठे नाही

माझ्या मॅटमध्ये तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, म्हणून तुकडा आडवा-उभा कसाही चालतो. पण विणलेलं कापड किंवा विमानाचा कार्बन असेल तर तसं चालत नाही. तिथे तंतूची दिशा म्हणजेच ताकद. एक थर सरळ, एक ४५ अंशात, एक ९० अंशात असं डिझाइनमध्ये ठरलेलं असतं. तुकडा फिरवला तर माल वाचेल, पण बीम कमजोर होईल.

टेलरला हे लगेच समजतं. साध्या कॉटनमध्ये धाग्याची दिशा सांभाळून तुकडा वरचा खाली उलटा ठेवून कापता येतो. पण मखमल असेल किंवा एकाच दिशेची प्रिंट असेल तर कापड जास्तच लागतं, आणि हुशार टेलर आधीच गिऱ्हाइकाला तसं सांगतो.

म्हणून दुसऱ्याच्या टक्केवारीशी आपली तुलना करू नका. गोल झाकण बनवणारा आणि चौकोनी कुंडी बनवणारा यांचे आकडे कधीच सारखे येणार नाहीत. तुलना करायची ती आपल्याच मागच्या महिन्याशी, त्याच मालावर.

हा प्रश्न नोबेलपर्यंत गेला आहे

कापण्याचा हिशेब म्हणजे किरकोळ काम असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही गोष्ट. १९३० च्या दशकाच्या शेवटी लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगातले लोक एक प्रश्न घेऊन गणिताच्या तरुण प्राध्यापकाकडे गेले. कोणतं लाकूड कोणत्या मशीनवर चालवावं म्हणजे जास्तीत जास्त माल निघेल? प्राध्यापकाचं नाव लिओनिद कँटोरोविच. त्यातून त्यांनी गणिताची नवी पद्धत काढली आणि १९३९ साली ती छापली. कच्चा माल कमीत कमी वाया जाईल असा कसा कापावा, हाही प्रश्न त्यात होता. १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे १९६१ मध्ये आयबीएममधल्या गिलमोर आणि गोमोरी यांनी रोल आणि शीट कापण्याच्या गणितावर जो लेख लिहिला, तो या विषयात आजही पाया मानला जातो.

आज कटिंग मशीनसोबत येणारं नेस्टिंग सॉफ्टवेअर हेच काम करतं. पण लकडगंजात ८ बाय ४ च्या प्लायवर पेन्सिलने रेघा मारणारा मिस्त्रीही तोच प्रश्न सोडवत असतो. तुम्हाला सॉफ्टवेअर लगेच घ्यायची गरज नाही. आधी मोजायला लागा.

सात दिवसांचं काम

यासाठी वजनकाटा, दोन पोती आणि एक वही लागते. बस.

१. एकच माल निवडा, जो तुम्ही सगळ्यात जास्त बनवता.

२. सकाळी रोलचं वजन करा, संध्याकाळी परत करा. फरक म्हणजे वापरलेला माल.

३. सुकी कात्रण एका पोत्यात, कडक कडा दुसऱ्यात. दोन्ही कधीच एकत्र करू नका. एकत्र केलं की पैसा कुठे गळतो ते कळणारच नाही.

४. रोज चार आकडे लिहा: वापरलेला माल, पहिलं पोतं, दुसरं पोतं, चांगले नग. रिजेक्ट झालेला नग "चांगला" धरायचा नाही.

५. रेझिन कालवण्याआधी सगळे तुकडे कापून, नंबर टाकून ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात रेझिन किती लवकर घट्ट होतं ते तुम्हाला माहीत आहे. डबा हातात असताना कापायला गेलात तर कात्री घाईतच चालणार.

६. तुकड्यांचे फर्मे हार्डबोर्डचे करून ठेवा. रोज नव्याने डोकं लावण्यात जो वेळ जातो, त्याचीही मजुरी असते.

७. दुसऱ्यांदा वापरण्यासारखा तुकडा कोणता, ते माप ठरवा. आमच्याकडे ८ सेंटीमीटरपेक्षा अरुंद पट्टी ठेवत नाही. "कधीतरी कामी येईल" म्हणून जपलेला ढीग म्हणजे जागा अडवून बसलेला पैसा.

आणि कडा कापताना तोंडाला चांगला मास्क लावा, कारागिरालाही लावायला सांगा. काचेची धूळ फुप्फुसाला ओळखत नाही, की तू मालक आहेस की मजूर.

कोटेशन देताना ही चूक करू नका

कार्यक्षमता ८० टक्के आहे म्हणून लोक मालात २० टक्के मिळवतात. १०० किलो उपयोगी हवा असेल तर १२० किलो मागवतात. चूक! १२० चे ८० टक्के ९६ होतात. ४ किलो कमी पडणारच. मिळवायचं नाही, भागायचं. १०० भागिले ०.८० म्हणजे १२५ किलो.

त्याहून सोपा उपाय म्हणजे एका नगाला प्रत्यक्ष किती माल लागतो ते वजनाने काढून ठेवायचं. माझ्या वहीत आज लिहिलेलं आहे: कुंडी, तीन थर, मॅट १ किलो ४५० ग्रॅम. नवं कोटेशन त्या आकड्यावरून निघतं, ०.८८ चौरस मीटरवरून नाही. नवीन डिझाइन आलं तर आधी एक नमुना बनवतो, वजन करतो, मगच भाव सांगतो. गिऱ्हाईक दोन दिवस थांबतं, पळून जात नाही.

ज्या ऑर्डरने मला तीन हजार दिले, तिने ही वही दिली. ती कुंडी आम्ही आजही बनवतो, आणि नगामागे जो नफा कागदावर लिहितो तो हातात पडतो. कारागिराला आता दर महिन्याच्या वाचलेल्या मालातला वाटा मिळतो. ते ठरवल्यापासून पोत्याचं वजन मला करावं लागत नाही, तोच करतो आणि तोच येऊन सांगतो.

आता तुमचा गृहपाठ. उद्या सकाळी दोन पोती टांगा. सात दिवस आकडे लिहा. आठव्या दिवशी वही उघडा आणि कोणतं पोतं महाग आहे ते बघा. सुधारणा त्या पोत्यापासून सुरू करा. पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून भाव कसा ठरवायचा ते दाखवतो.

भेटूया. धंदा करा, हिशेबाने करा!